स्वतःचा कंट्रोल रंगवताना या चुका टाळा

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात स्वतःचा कंट्रोल, म्हणजे विंडोजच्या स्क्रीनवर आपल्याच कोडनं रंगवलेला भाग, करायला घेतात: स्वतःचं गोल बटण, स्वतःची ग्रिड. घ्यावीच. पण चित्र बिघडलं की कोड न उघडता प्रोग्रॅम बंद करून परत चालू करतात. या सवयीचा मला मनापासून राग आहे.

सोयाबीनचा हंगाम होता. परभणीच्या मोंढ्यात एका अडत दुकानात वजनकाट्याचा आकडा मोठा दाखवणारा कंट्रोल आम्ही बसवला होता. सकाळी आकडा टपोरा दिसायचा. पाऊण तास झाला की अचानक बारीक व्हायचा, मग चौकट गायब, शेवटी मेनूही उमटेना. मापाडी ओरडायचा, "मालक, आकडा दिसंना!" कट्टा काट्यावर तसाच, बाहेर ट्रॅक्टरची रांग. माझ्या हाताखालच्या मुलानं मालकांना सांगून ठेवलं होतं, अर्ध्या अर्ध्या तासाला बंद-चालू करा. चार दिवस तसंच चाललं. मला कळलं तेव्हा मी स्वतः गेलो.

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सवर जाऊन 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' हा कॉलम चालू केला. प्रोग्रॅमनं विंडोजकडून घेतलेली पेन, फॉन्ट अशी रंगवायची साधनं तो मोजतो. आकडा चढतच होता. कोडमध्ये प्रत्येक डब्ल्यूएम_पेंटला, म्हणजे विंडोजच्या 'आता रंगव' या निरोपाला, एक नवा फॉन्ट आणि एक नवा पेन तयार व्हायचा, डिलीट एकही नाही. विंडोज एका प्रोसेसला अशा 10,000 वस्तूंची मुभा देतं, ही नेहमीची मर्यादा. काटा सेकंदाला दोनदा वजन पाठवायचा, दर वेळी आकडा नव्यानं रंगायचा, म्हणजे सेकंदाला चार वस्तू. 2,500 सेकंदांत कोटा संपला, जेमतेम 42 मिनिटं. नवा फॉन्ट मिळेना, म्हणून मूळचा बारीक फॉन्ट तसाच राहायचा.

मी फॉन्ट कंट्रोल जन्माला येताना एकदाच करतो आणि तो जाताना डिलीट करतो. डीसीत (विंडोज रंगवायला देतं त्या पाटीत) निवडलेला पेन तसाच डिलीट करायचा नाही, आधी सिलेक्टऑब्जेक्टनं जुना पेन परत बसवायचा. शिवाय नवा कंट्रोल मी रात्रभर टायमरवर रंगवत ठेवतो आणि सकाळी तो कॉलम बघतो. मुलांना ही रात्र वाया गेल्यासारखी वाटते. मोंढ्यात गेलेले चार दिवस त्यांनी पाहिलेले नसतात.

रंगवायला सुरुवात करताना बिगिनपेंट हे फंक्शन बोलवायला विसरलात तर विंडोज डब्ल्यूएम_पेंट पाठवतच राहतं, सीपीयू तापतो. चित्र लुकलुकतंय? आधी मेमरीतल्या बिटमॅपवर रंगवा, मग एकदम स्क्रीनवर उतरवा, आणि WM_ERASEBKGND या निरोपाला पार्श्वभूमी पुसू देऊ नका. स्लीप टाकून, म्हणजे कोड थोडा वेळ थांबवून, काही होत नाही. काट्याचं वाचन दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये बाजूला चालणाऱ्या कामावर) येत असेल तर तिथून कंट्रोलला हात लावू नका, पोस्टमेसेजनं त्याला निरोप पाठवा. मापं 96 डीपीआय (इंचाला 96 ठिपके) धरून लिहू नका, स्क्रीन 125 टक्क्यांवर असली की तेच 120 होतात.

दुसरी चूक आपल्या भाषेची, म्हणून जास्त लागते. रुंदी मोजायला किंवा मजकूर कापायला अक्षरं एकेक करून घेतात. 'क्विंटल' हा शब्द मेमरीत सात कोडांचा आहे, डोळ्याला तीनच अक्षरं: क्विं, ट, ल. सुटं सुटं रंगवलं की अख्खा 'क' वेगळा पडतो, पाय मोडण्याच्या खुणेला आणि वेलांटीला ठिपक्यांचं वर्तुळ येतं. इंग्रजीत तपासलेला कंट्रोल इथंच उघडा पडतो. अख्खा शब्द एकदम ड्रॉटेक्स्टला (मजकूर रंगवणाऱ्या विंडोजच्या फंक्शनला) द्या, मोजायचा तोही अख्खाच. माझ्याकडे चाचणीला ठरलेले शब्द आहेत: क्विंटल, ज्वारी, सूर्यफूल, जिंतूर, पूर्णा. 'पूर्णा'चा रफार 'णा'च्या डोक्यावर बसला नाही, तर तो कंट्रोल मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकत नाही.