नेट स्लो आहे म्हणून मीटिंग तुटते? मग या चुका टाळा

स्पीड टेस्टमध्ये २० एमबीपीएस दिसतात आणि तरीही मीटिंगमध्ये समोरचे म्हणतात, "तुमचा आवाज तुटतोय." गावाकडून घरून काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. मग मोठा प्लॅन घेतला जातो, नवा राउटर येतो, कुणी सांगितलं म्हणून डीएनएस बदललं जातं. फरक काही पडत नाही. कारण हे उपाय डाउनलोड डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात आणि दुखणं बहुतेक वेळा अपलोडमध्ये नाहीतर घरातल्याच वाय-फायमध्ये असतं. आधी कुठे अडतंय ते शोधायचं, मग हात घालायचा.

डाउनलोडचा मोठा आकडा बघून समाधान मानणं

स्पीड टेस्टमध्ये तीन आकडे बघायचे असतात: डाउनलोड, अपलोड आणि पिंग, म्हणजे छोटा निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. घरून काम करताना दुसरा आणि तिसरा जास्त महत्त्वाचे. जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवरच्या एडीएसएलमध्ये डाउनलोड १० एमबीपीएस असलं तरी अपलोड जेमतेम १ एमबीपीएस असतं. ते तंत्रज्ञानच तसं आहे, प्लॅन बदलून ते सुटत नाही.

मीटिंगला लागतं किती? झूमसारख्या ॲपला नुसत्या आवाजासाठी ६० ते ८० केबीपीएस पुरतात. स्थिर स्लाइड शेअर करायला आणखी ५० ते ७५. दोघांच्या कॉलवर चांगल्या व्हिडिओसाठी सुमारे ६०० केबीपीएस आणि ७२०पी एचडी हवं असेल तर १.२ एमबीपीएस. म्हणजे २ एमबीपीएसचं अपलोड एका माणसाच्या मीटिंगला पुरेसं आहे, फक्त ते त्या वेळी मोकळं असायला हवं.

इथेच आणखी एक घोटाळा होतो. फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो आणि लाइनचा वेग मेगाबिटमध्ये, एका बाइटमध्ये ८ बिट. ५०० एमबीची फाइल १ एमबीपीएस अपलोडवर पाठवायची तर ४००० सेकंद लागतात, म्हणजे तासाच्या वर. "पाच मिनिटांत पाठवतो" असं ऑफिसला सांगण्याआधी हा हिशोब करा.

अपलोड भरलंय हे लक्षातच न येणं

मीटिंग तुटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आणि सर्वांत कमी तपासलं जाणारंही हेच. स्वतः करून बघण्यासारखी चाचणी आहे. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग लावा (ping 8.8.8.8 असं टाइप करून). विंडोजवर पिंग चारदाच चालते, म्हणून शेवटी हायफन टी जोडा. मॅक आणि लिनक्सवर ती आपोआप चालू राहते. ३० ते ४० मिलिसेकंद असे आकडे येत राहतील. आता त्याच वाय-फायवरच्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ कुणाला तरी पाठवा. आकडे १००, ३००, ८०० असे चढायला लागले आणि व्हिडिओ जाऊन संपताच पुन्हा ४० वर आले, तर रोग सापडला.

होतं असं की मोडेममध्ये बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग लागते. एकाच खिडकीपुढे पुढचा माणूस शंभर अर्जांचा गठ्ठा घेऊन उभा आणि मागच्याला फक्त एक सही हवी, तशी ही रांग. कॉलमध्ये आवाजाचं एक छोटं पाकीट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. ते पाकीट अर्धा सेकंद रांगेत अडकलं की समोर पोचेपर्यंत शिळं होतं आणि ॲप ते टाकून देतं. तेच तुटलेले शब्द. शिवाय डाउनलोड होत असलेल्या प्रत्येक गोष्टीला "मिळालं" अशी पोच अपलोडवरूनच परत जाते. ती पोच रांगेत अडकली की डाउनलोडही मंदावतं. म्हणून अपलोड भरलं की सगळंच नेट गेल्यासारखं वाटतं.

रांग लावणारे कोण, ते घरातच शोधायचे. फोनमधला फोटो बॅकअप, वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हचं सिंक आणि क्लाउडवर सतत रेकॉर्डिंग पाठवणारा कॅमेरा. हा कॅमेरा फार वेळा विसरला जातो, तो दिवसभर गुपचूप अपलोड खात असतो. विंडोजच्या अपडेट सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाचा पर्याय असतो, त्यातून तुमचा कॉम्प्युटर अपडेटचे तुकडे दुसऱ्या कॉम्प्युटरना पाठवू शकतो. तो बंद करा. ज्या वाय-फायवर काम करता त्याच्या गुणधर्मांत जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे बरीचशी मोठी डाउनलोड आणि सिंक थांबून राहतात. फोटो बॅकअप रात्री चार्जिंगवर असतानाच होऊ द्या. वनड्राइव्ह आणि गुगल ड्राइव्ह दोन्हींच्या सेटिंगमध्ये अपलोडवर मर्यादा घालता येते. एकूण अपलोडचा चौथा हिस्साच द्या.

घरातल्या प्रत्येकाला "आता व्हिडिओ पाठवू नको" हे रोज सांगणं शक्य नसतं. त्यावर पक्का उपाय म्हणजे राउटरमधलं स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजेच एसक्यूएम. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर ते मिळतं, काही तयार राउटरमध्येही असतं. त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही पद्धत निवडायची आणि वेगाच्या रकान्यात मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा टाकायचा. अपलोड २००० केबीपीएस मोजलं असेल तर १७०० ते १८००. बरेच जण इथे पूर्ण आकडा टाकतात आणि मग एसक्यूएमचा काही उपयोग नाही म्हणतात. थोडा वेग सोडायचाच असतो, कारण रांग मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागली तरच तो आवाजाच्या पाकिटाला पुढे काढू शकतो. मोबाइल नेटचा वेग दिवसभर वरखाली होतो, तिथे संध्याकाळी मिळणारा कमी वेग धरून हिशोब करा.

वाय-फायचा दोष लाइनवर ढकलणं

आता तीच पिंग बाहेर न लावता राउटरच्या पत्त्याला लावा. तो सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या मागच्या स्टिकरवर लिहिलेला सापडतो. केबलवर १ मिलिसेकंद, चांगल्या वाय-फायवर २ ते ५ यायला हवेत. ५० आणि २०० असे उड्या मारणारे आकडे किंवा मधूनच "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" दिसलं, तर बिघाड तुमच्या खोलीपासून राउटरपर्यंत आहे. कंपनीला फोन करून काही होणार नाही.

जाड दगडी किंवा मातीच्या भिंती सिग्नल खातात. पत्र्याची भिंत आणि पाण्याची टाकी तर तो अडवतातच. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण अशा दोन भिंतींपलीकडे टिकत नाही, तिथे २.४ वापरा. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. रिपीटर घेतलाच तर तो रेंज नसलेल्या खोलीत ठेवू नका, तिथे त्याला पुढे पाठवायला काही मिळतच नाही. तो मधल्या वाटेवर, रेंज अजून चांगली आहे तिथे लावायचा. तरीही एकाच रेडिओचा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो.

खरं तर काम एका ठरलेल्या टेबलावर होत असेल तर कॅट ५ई केबल ओढा आणि मोकळे व्हा. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि पावसाळ्यातही तिचा वेग बदलत नाही.

सारखा राउटर बंद-चालू करणं

एकदा करणं ठीक. आधी मोडेम, दोन मिनिटं थांबून त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. पण डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरच्या) लाइनवर दिवसातून दहादा असं केलं तर पलीकडची यंत्रणा लाइन अस्थिर आहे असं समजून वेग आणखी खाली आणू शकते. आधी साधा टेलिफोन कानाला लावून ऐका. खरखर येत असेल तर सांध्यात पाणी किंवा गंज आहे आणि ते लाइनमनचंच काम. घरातल्या प्रत्येक टेलिफोनला स्प्लिटर म्हणजेच फिल्टर लागतो, एका जरी फोनला राहिला तरी नेट तुटतं. मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे त्याची शिल्लक) ६ डेसिबलच्या खाली दिसत असेल तर नेट सारखं तुटू शकतं.

फायबर असेल तर डब्यावरचा लॉस नावाचा दिवा बघा. तो लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये आणि बंद-चालू करून येणारही नाही. पिवळी बारीक वायर कुठे टेबलाखाली दुमडली आहे का ते तपासा. तिला ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण नको. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढलात तर टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावू नका.

वीज जाते तिथे लॅपटॉप चालू आणि राउटर मेलेला, अशी गत होते. छोटा डीसी यूपीएस घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींचे. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टचेही सापडतात. जास्त व्होल्टेज दिला तर डबा जळू शकतो.

रेंजच्या काड्या मोजणं

४जी राउटरवर चार काड्या असूनही नेट चालत नाही, कारण काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, स्वच्छपणा नाही. राउटरच्या सिग्नलच्या पानावर आरएसआरपी (जोर) आणि एसआयएनआर (स्वच्छपणा) बघा. आरएसआरपी उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेलं की अवघड. एसआयएनआर २० च्या वर छान, शून्याच्या खाली असेल तर काड्या कितीही असोत, काम होत नाही. राउटर वरच्या मजल्यावर, टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा आणि अर्धा-अर्धा मीटर सरकवत एसआयएनआर कुठे वाढतो ते लिहून काढा.

बाहेर अँटेना लावताना मोठी चूक केबलमध्ये होते. पातळ आरजी ५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे जवळपास १ डेसिबल खाते आणि ३ डेसिबल गेले की सिग्नल निम्मा. दहा मीटर केबल टाकली तर अँटेनाने कमावलेलं सगळं वाटेतच संपतं. म्हणून राउटर अँटेनाजवळ, पाणी लागणार नाही अशा जागी बसवा आणि तिथून खाली नेटवर्क केबल आणा. ४जीला दोन अँटेना लागतात, दोन्ही जोडा. सिग्नल बूस्टर मात्र विचार न करता घेऊ नका. अनेक देशांत तो परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, शेजाऱ्यांचीही रेंज बिघडते. आणि पहाटे नेट धावतं पण संध्याकाळी रांगतं असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे. अशा वेळी अँटेनाचा फारसा फायदा होत नाही, जड फाइली पहाटे पाठवा.

बारीक लाइनवरून ओझी नेत बसणं

दोन जीबीची फाइल खाली आणायची, दोन ओळी बदलायच्या आणि परत वर चढवायची, हे मंद नेटवर करूच नका. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉपने काम करा, फाइल तिथेच राहते आणि लाइनवरून फक्त पडद्यावरचे बदल येतात. फाइल पाठवायचीच असेल तर ब्राउझरच्या भरवशावर राहू नका, ९० टक्क्यांवर तुटली की अनेकदा पहिल्यापासून सुरुवात. आरसिंक या फाइल पाठवण्याच्या प्रोग्रॅमला पार्शल हा पर्याय दिला की तुटली तिथून पुढे जाते. मीटिंगमध्ये एचडी बंद ठेवा, आणि आवाजासाठी फोनवरून डायल करून सामील होता येत असेल तर तेच करा. नेट गेलं तरी बोलणं चालू राहतं.

व्हीपीएन लावल्यावर छोटे मेल जातात पण अटॅचमेंट लटकते, असं झालं तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, तपासा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर तो १४९२ असतो, व्हीपीएनच्या वेष्टनामुळे आणखी कमी लागतो. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये १४०० करून बघा.

दोन कनेक्शन घेतली की वेगाची बेरीज होते, हाही गैरसमज आहे. दोन लाइन जोडता येणाऱ्या साध्या ड्युअल वॅन राउटरवर एक कॉल एकाच लाइनवरून जातो. दुसरी लाइन पहिली पडल्यावर उपयोगी, पण ती वेगळ्या मार्गाने येणारी हवी, एक फायबर आणि एक मोबाइल.

"नेट स्लो आहे" एवढीच तक्रार करणं

त्यावर "राउटर रिस्टार्ट करा" एवढंच उत्तर मिळतं. सात दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री, लॅपटॉप केबलने जोडून आणि बाकी सगळं बंद ठेवून चाचणी घ्या. तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग आणि राउटरपर्यंतची पिंग असे सहा रकाने लिहा. डीएसएल असेल तर एसएनआर मार्जिन, मोबाइल असेल तर एसआयएनआर हा सातवा. तक्रार करताना हा तक्ता मेलला जोडा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि पुढचा प्रत्येक फोन त्याच क्रमांकाखाली करा.