बोटीचं वजन काढून पैसे कसे ठरवावेत

1 जूनला मासेमारीबंदी लागते. त्याआधीच्या आठवड्यात बोटी वर घ्यायची घाई, आणि सोसायटीचा हिशेबनीस म्हणून सगळ्यांच्या तोंडाशी मी. यंदा ठराव आला : हायड्रा क्रेनचे पैसे वजनावर घ्या. लगेच एक नाखवा उठले, "मग मी उतरून येतो, माझं वजन कशाला धरता?" लाकडी बोटवाल्यांचं म्हणणं वेगळं : मोसमभर लाकूड पाणी प्यायलंय, त्या पाण्याचे पैसे आम्ही का द्यायचे? फायबरवाले गालात हसत होते.

तुमच्याकडेही हा वाद येणार, म्हणून सांगतो.

नोंदणीच्या कागदावरचं टनेज घेऊन बसू नका. ते वजन नव्हे, आतल्या जागेचं माप आहे. जुन्या हिशेबात 100 घनफूट म्हणजे एक टन.

खरं वजन पाणीच सांगतं. बोट जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढंच तिचं वजन. बर्फ, जाळी उतरवून घ्या. डिझेलही बघा, 200 लिटरचं पिंप भरलेलं असेल तर नुसतं तेलच 166 किलोच्या आसपास भरतं. वारा पडलेला असताना पाण्याच्या रेषेवरची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा. बुडालेली खोली मोजायला बांबूच्या टोकाला आडवी पट्टी ठोका, ती मध्यावर बुडाखाली सरकवा आणि पाणी बांबूवर कुठे लागतं तिथे खूण करा.

समजा लांबी 30, रुंदी 8, खोली अडीच. गुणाकार 600 घनफूट. पण बोट काही चौकोनी पेटी नाही, दोन्हीकडे निमुळती होते, म्हणून 0.45 ने गुणा : 270. खारं पाणी घनफुटाला साधारण 29 किलो. झाले 7,830 किलो, म्हणजे पावणेआठ टनांच्या किंचित वर.

भांडण होतं ते या 0.45 वर. एरवी 'आपली बोट बंदरात सगळ्यात मोठी' म्हणणारे त्या दिवशी ती किती सडपातळ आहे ते पटवायला लागतात. आकडा अंदाजाचाच आहे, फार तर 0.4 ते 0.5. सरसकट सगळ्यांना एकच लावा आणि ठराव लिहून सह्या घ्या. क्रेनवाल्याला मात्र हा आकडा सांगताना टनभर जास्तच सांगा, पट्टा तुटला तर सही कामाला येत नाही.

लाकडानं प्यायलेल्या पाण्याचं माझं मत ऐका : क्रेन तेही उचलतेच, तेव्हा पैसे द्यायचे. पण धक्क्यावर बोट बांधायचे पैसे वजनावर घेणं चूक. तिथे बोट जागा अडवते, तेव्हा लांबीवर घ्या. या दोन पावत्या वेगळ्या फाडल्या की निम्मी सभा घरी जाते.

आणि पैसे बोट पाण्यात असतानाच जमा करा. एकदा ती वर चढून शाकारली गेली, की नाखवांना नारळी पौर्णिमेपर्यंत कसलीच घाई नसते.