कॉनफोकल सूक्ष्मदर्शकावर मोजमापास योग्य चित्र कसे घ्यावे

प्रतिदीप्त रंगांनी रंगवलेल्या पेशींचे देखणे चित्र कॉनफोकल सूक्ष्मदर्शकावर थोड्या सरावाने कोणालाही घेता येते. परंतु दोन नमुन्यांतील प्रथिनाचे प्रमाण ताडून पाहता येईल असे चित्र हवे असेल, तर काम नमुना तयार करण्यापासूनच काटेकोरपणे करावे लागते.

बहुतेक उच्च क्षमतेच्या ऑब्जेक्टिव्हची (नमुन्याजवळच्या मुख्य भिंगाची) रचना ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी केलेली असते, म्हणून ‘नंबर १.५’ची कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) वापरावी. प्रयोगशाळेत सहज हाती लागते ती अनेकदा नंबर १ची असते आणि ती याहून पातळ असल्याने चित्र किंचित धूसर येते. दोष मात्र यंत्राला दिला जातो. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हसाठी तेलाचा एक लहान थेंब पुरतो, पण त्यात बुडबुडा राहू देऊ नये. लेझर सुरू केल्यावर साधारण अर्धा तास थांबावे, कारण सुरुवातीला त्याची तीव्रता स्थिर नसते.

अमेरिकी वैज्ञानिक मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ साली कॉनफोकलच्या ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिचे मर्म पिनहोलमध्ये आहे. फोकसच्या वरून आणि खालून येणारा प्रकाश हे बारीक छिद्र अडवते, त्यामुळे जाड नमुन्याचाही एकच पातळ थर दिसतो. पिनहोल १ एअरी एककावर, म्हणजे एका बिंदूच्या प्रतिमेतील मधल्या तेजस्वी ठिपक्याएवढे, ठेवावे. चित्र अंधुक आहे म्हणून ते मोठे करण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास कॉनफोकल वापरण्याचे प्रयोजनच उरत नाही.

पिक्सेलचा आकारही विचारपूर्वक ठरवावा. १.४ संख्यात्मक छिद्रमानाच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याच्या मापाच्या) ऑब्जेक्टिव्हने हिरव्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे दिसतात. ते चित्रातही वेगळे राहावेत यासाठी पिक्सेल ८० ते ९० नॅनोमीटरचा असावा. त्याहून लहान पिक्सेलने नवा तपशील मिळत नाही, उलट त्याच जागेवर अधिक लेझर पडून रंग विझतो.

सर्वाधिक चुका लेझरची तीव्रता आणि डिटेक्टरचा गेन (मिळालेला संकेत किती पट वाढवायचा ते) ठरवताना होतात. हे दोन्ही सर्वांत तेजस्वी असण्याची शक्यता असलेल्या नमुन्यावर ठरवावेत आणि त्यानंतर मालिकेतील एकाही नमुन्यासाठी बदलू नयेत. १२ बिटांच्या चित्रात पिक्सेलचे मूल्य ४०९५ला पोहोचले की त्यापुढचा सर्व फरक नाहीसा होतो आणि पुढील कोणत्याही प्रक्रियेने तो परत आणता येत नाही. म्हणून असे कमाल मूल्याला पोहोचलेले, म्हणजे संपृक्त, पिक्सेल वेगळ्या रंगात दाखवणारी सोय चालू ठेवावी आणि चित्र पडद्यावर थोडे फिके दिसले तरी चालवून घ्यावे. ज्या भागावर ही जुळवाजुळव केली तेथील रंग एव्हाना उतरलेला असतो. मोजमापाचे चित्र शेजारच्या, लेझर न पडलेल्या भागाचे घ्यावे.

एकाहून अधिक रंग असतील तर वाहिन्या (प्रत्येक रंगाची स्वतंत्र चित्रे) एकाच वेळी न टिपता क्रमाने टिपाव्यात, कारण डॅपीसारख्या, डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या रंगाचे उत्सर्जन हिरव्या वाहिनीपर्यंत पसरते. एकेकच रंग दिलेले नमुने आणि केवळ दुय्यम प्रतिपिंड (प्रथिनाला चिकटणाऱ्या प्राथमिक प्रतिपिंडाला धरणारे, रंग जोडलेले प्रतिपिंड) लावलेला नमुना त्याच मांडणीवर टिपल्याशिवाय ‘दोन प्रथिने एकाच जागी आहेत’ असे म्हणू नये. मला तर हे नियंत्रक नमुने मुख्य नमुन्याच्या आधी पाहणे बरे वाटते. निकाल आवडल्यानंतर ते पाहण्याची इच्छा कमी होते.

चित्र यंत्राच्या मूळ स्वरूपातच जतन करावे, म्हणजे पिनहोल, गेन, पिक्सेल इत्यादी सर्व नोंदी त्याच्याबरोबर राहतात. जेपेगमध्ये मूल्ये बदलतात, त्यामुळे त्यावरून मोजमाप करू नये. उठण्यापूर्वी ऑब्जेक्टिव्हवरील तेल भिंगाच्या कागदाने, न घासता, अलगद टिपून घ्यावे आणि काचपट्टीवर तेल असताना कोरडे ऑब्जेक्टिव्ह तिच्याखाली फिरवू नये.