गणपतीला गावी जाताना शहरातले घर सुरक्षित कसे ठेवावे

गणेशोत्सवासाठी मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि पुणे येथील असंख्य कुटुंबे कोकणात जातात आणि एकाच मजल्यावरची तीन-चार घरे एकदम बंद होतात. त्यांतले कोणते घर रिकामे आहे हे चोराला शोधत बसावे लागत नाही, कारण दारावर बाहेरून लटकणारे कुलूपच ते जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते. म्हणून तयारीला निदान पंधरा दिवस आधी आणि दारापासून सुरुवात करावी.

घरफोडीत अनेकदा कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा उचकटलेला असतो. महागडे कुलूप आणून ते चार आखूड स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्यात अडकवले, तर कटावणीच्या एका हिसक्यात स्क्रू लाकडातून निघून येतात. सुताराला बोलावून कोयंडा दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून घ्यावा आणि त्याचे नट आतल्या बाजूला येतील असे पाहावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे दाराच्या जाडीतच बसणारे, किल्ली फिरवताच लोखंडी दांडे चौकटीत सरकवणारे कुलूप. ते लावलेले आहे की घरात माणसे आहेत, हे बाहेरून कळत नाही. साधे लॅच असल्यास दार नुसते ओढून घेऊन निघू नये, कारण स्प्रिंगवरची जीभ पातळ पट्टीने मागे ढकलता येते. किल्लीने दुहेरी बंद होण्याची सोय त्यात असेल, तर ती न विसरता वापरावी. बाहेर उघडणाऱ्या सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्या जिन्याच्या बाजूला असतात. त्यांच्या पिना ठोकून काढता येत असतील, तर त्या वेल्डिंग करून घ्याव्यात. पावसाने फुगलेली किंवा वाळवी लागलेली चौकट असेल, तर आधी तीच दुरुस्त करावी, कारण कमकुवत चौकटीत उत्तम कुलूपही निरुपयोगी ठरते.

खिडक्यांपैकी सरकत्या खिडक्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ग्रिल नसेल तर खालच्या खाचेत मापाची काठी आडवी ठेवावी, म्हणजे तावदान बाहेरून सरकत नाही. सांडपाण्याच्या पाइपजवळची गॅलरी, स्वयंपाकघरातील पंख्याचे भोक आणि न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या याही माणूस आत शिरू शकणाऱ्या जागा आहेत.

यानंतरचे काम म्हणजे घर बंद आहे हे बाहेर दिसू न देणे. वृत्तपत्रे, दुधाच्या पिशव्या आणि विशेषतः दाराच्या कडीला अडकवलेल्या फुलपुड्या दोन दिवसांत साचतात. ही रोजची रतिबे थांबवावीत, परंतु परतण्याची तारीख सांगत बसू नये. ‘मी कळवेन तेव्हा सुरू करा’ एवढे पुरते. एखाद्या विश्वासू शेजाऱ्याने दारातील पत्रके आणि पार्सले उचलली, उंबऱ्यासमोर अधूनमधून झाडू मारला, तर त्याचा उपयोग कोणत्याही यंत्राइतकाच होतो. बाहेरच्या खोलीतील दिवा रात्रंदिवस जळता ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी. भर दुपारी जळणारा दिवा उलट संशय वाढवतो. संध्याकाळी लागून रात्री विझणारा टायमर फारसा महाग नसतो. आरतीची आणि प्रवासाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायचीच असतील, तर ती परतल्यावर टाकावीत.

दागिने कपाटात, पिठाच्या डब्यात किंवा देवघरामागे लपवणे मला अजिबात योग्य वाटत नाही. घर धुंडाळणारा या जागा पाहतोच. लॉकर असेल, तर गौरीसाठी गावी न्यायचे दागिने वेगळे काढून उरलेले तेथे ठेवावेत. रविवार, दुसरा व चौथा शनिवार आणि सणाची सुट्टी लक्षात घेऊन हे काम आधीच्या आठवड्यातच उरकावे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक अशा कारणांनी लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. म्हणून दागिन्यांची छायाचित्रे आणि पावत्या जवळ असाव्यात. गृहविमा असलेल्यांनीही कागद वाचावेत. 1 एप्रिल 2021 पासून आलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग आणि नैसर्गिक आपत्तींसाठी आहे. घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

निघण्याच्या दिवशी गॅसचा रेग्युलेटर बंद करावा आणि पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवावा. विजेचा मेन स्विच मात्र विचार करून पाडावा, कारण त्याबरोबर फ्रीज, टायमर, राउटर आणि कॅमेराही बंद पडतो. गीझर, एसी आणि वॉशिंग मशीन यांचे वेगवेगळे स्विच बंद करणे बरे. जादा किल्ली पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात किंवा मीटरच्या खोक्यात न ठेवता शेजाऱ्याच्या हाती द्यावी, रखवालदाराला आपला क्रमांक द्यावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही घर बंद असल्याचे कळवावे.

आपण गावी असताना दार फोडल्याचे कळले, तर शेजाऱ्यांनी आत न जाता 112 वर फोन करावा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अशा गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्यामुळे गावाजवळच्या ठाण्यातही फिर्याद नोंदवता येते. खबर ऑनलाइन पाठवल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. परतल्यावर स्वतःलाच कुलूप तुटलेले दिसले, तरीही पोलीस येईपर्यंत बाहेरच थांबावे. चोर अजून आत असू शकतो. शिवाय कपाटाच्या दारावरचे बोटांचे ठसे आपल्याच हाताने पुसले जाण्याचा धोका असतो. काय गेले आहे याची यादी पंचनाम्याच्या वेळी छायाचित्रे आणि पावत्या समोर ठेवून करावी आणि विमा असल्यास कंपनीला त्याच दिवशी कळवावे.