जर्मनीत घर बदलताना आणि जुनी नोकरी सोडताना

जर्मनीत नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला व्हिसा, विमा आणि पहिल्या महिन्याचा खर्च यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एखाद्या घरातून किंवा नोकरीतून बाहेर कसे पडावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, कारण विचारणाऱ्याच्या मनात त्या वेळी तो प्रश्नच नसतो. श्टुटगार्टमध्ये वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षे काम केले, त्या काळात काही घरे बदलली आणि शेवटी ती नोकरी सोडून दुसऱ्या शहरात गेले. या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की, येथे कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी तो संपवण्याविषयीचे कलम आधी वाचावे. भाडे किती आणि पगार किती, हे सर्वांच्या लक्षात राहते. नोटीस किती महिन्यांची, ती कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्वरूपात पोहोचली पाहिजे, हे लक्षात राहत नाही आणि तेथेच दोन-तीन महिन्यांचे भाडे अंगावर पडते.

पहिले घर बहुधा तात्पुरते आणि फर्निचरसह घेतलेले असते. ते घेताना एकच गोष्ट निक्षून विचारावी: या पत्त्यावर अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. नोंदणी झाल्यानंतर काही आठवड्यांनी कर-क्रमांक टपालाने येतो. तो वेळेत आला नाही, तर कंपनीला पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापावा लागू शकतो, जो पुढे परत मिळतो, पण नेमक्या ओढाताणीच्या महिन्यांत हातात नसतो. पत्रपेटीवर आपले आडनाव लावणे हीदेखील औपचारिकता नव्हे. नाव नसेल तर टपाल परत जाते आणि येथे महत्त्वाचे सर्व काही अजूनही टपालानेच येते.

पक्के घर शोधताना घरमालक शेवटच्या तीन पगारपावत्या, शूफा या संस्थेचा पतअहवाल आणि आधीच्या घरमालकाकडून भाडे थकलेले नसल्याचे पत्र मागतात. नवख्याकडे यांतले काहीच नसते. अशा वेळी नोकरीचा करार, पगाराचा आकडा असलेले कंपनीचे पत्र आणि स्वतःविषयी चार ओळींचा नीट लिहिलेला जर्मन मजकूर पुढे करावा. भाडे थकलेले नसल्याचे पत्र आधीच्या घरमालकाने दिलेच पाहिजे असे बंधन नाही, म्हणून तात्पुरत्या घराच्या मालकाशीही संबंध चांगले ठेवावेत. जाहिरातीतले काल्टमीटे म्हणजे निव्वळ भाडे आणि वार्ममीटे म्हणजे पाणी, इमारतीचा खर्च आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग धरून होणारे भाडे. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळे. आणखी एक धक्का म्हणजे रिकामे घर येथे खरोखर रिकामे असते. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या जागी केवळ नळाचे आणि विजेचे जोड असतात, छताला दिव्यांऐवजी वायरी लोंबत असतात, आणि ओटा, कपाटे, शेगडी जुन्या भाडेकरूकडून विकत घ्यावी लागते. ही खरेदी दोन भाडेकरूंमधली असते, म्हणून किमतीत घासाघीस करायला हरकत नाही. मात्र व्यवहार लेखी करावा.

अनामत रक्कम निव्वळ भाड्याच्या तिपटीहून अधिक मागता येत नाही, ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे आणि घरमालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते. ती परत मिळेल की नाही, हे मात्र कायद्यापेक्षा पहिल्या दिवशीच्या हस्तांतरणपत्रावर अवलंबून असते. किल्ल्या घेताना प्रत्येक खोलीतील ओरखडे, फरशीवरचे डाग, खिडक्यांच्या मुठी, वीज आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या हे सारे त्या कागदावर उतरवावे, दोघांनी सही करावी आणि तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. घरमालक समोर उभा असताना न्हाणीघराच्या फरशीचे फोटो काढणे आपल्याला अविश्वासाचे वाटते, पण येथे तो शिष्टाचाराचा भंग समजला जात नाही. उलट, त्याच्याकडेही तेच फोटो असतात.

आता घर सोडण्याविषयी. बेमुदत भाडेकराराला भाडेकरूच्या बाजूने तीन महिन्यांची नोटीस असते, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती पोहोचली तरच तो महिना धरला जातो. ऑक्टोबरच्या आरंभी वेळेत पोहोचलेल्या नोटिशीने करार डिसेंबरअखेर संपतो. एक दिवस उशीर झाला तर जानेवारीचे भाडेही द्यावे लागते. नोटीस कागदावर, करारात नावे असलेल्या सर्व भाडेकरूंच्या हस्ताक्षरातील सह्यांसह असावी लागते. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप किंवा स्कॅन केलेली सही चालत नाही. रजिस्टर टपालाने पाठवावी, किंवा प्रत्यक्ष देऊन पोच घ्यावी. काही करारांत दोन्ही पक्षांनी ठराविक काळ नोटीस न देण्याचे मान्य केलेले असते. छापील करारात हा काळ चार वर्षांपर्यंत असू शकतो, म्हणून एक-दोन वर्षांत शहर बदलण्याची शक्यता असलेल्याने असे कलम स्वीकारू नये. तीन पर्यायी भाडेकरू आणून दिले की लगेच सुटका होते, असे आपल्या लोकांत अगदी खात्रीने सांगितले जाते. तसा सर्वसाधारण नियम नाही. घरमालक राजी झाला तर गोष्ट वेगळी, आणि सौजन्याने विचारल्यास पुष्कळ जण राजी होतात.

भिंती रंगवून देण्याचा मुद्दा हा भांडणाचा ठरलेला विषय आहे. घर आपल्याला न रंगवलेल्या स्थितीत मिळाले असेल आणि त्याची योग्य भरपाई झाली नसेल, तर रंगकामाची जबाबदारी भाडेकरूवर टाकणारे छापील कलम लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. ठराविक वर्षांनी रंग दिलाच पाहिजे अशी ताठर मुदत घालणारी कलमेही टिकत नाहीत. करारात काय लिहिले आहे याइतकेच जे लिहिले आहे ते टिकते का, हेही पाहावे लागते आणि ते आपल्याला एकट्याने कळत नाही. प्रत्येक मोठ्या शहरात भाडेकरूंची संघटना असते, तिची वार्षिक वर्गणी एखाद्या वकिलाच्या भेटीहून बरीच कमी पडते. वाद उद्भवण्याची वाट न पाहता सभासद व्हावे. श्टुटगार्टच्या भागात आणखी एक जबाबदारी असते ती केरवोखेची, म्हणजे पाळीपाळीने जिना आणि अंगण झाडण्याची. शेवटच्या आठवड्यात आपली पाळी असेल तर सामान बांधून झाल्यावरही जिना झाडूनच निघावे, कारण शेजारी दुसरे काही विसरले तरी हे विसरत नाहीत.

इतर व्यवस्था तुलनेने सोप्या आहेत. रेडिओ-दूरचित्रवाणीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो असते आणि ती घरामागे असते, माणसामागे नव्हे. दोघे एकत्र राहू लागले की एकाने आपले खाते बंद करावे. नव्या पत्त्यावर सध्याची इंटरनेट कंपनी सेवा देऊ शकत नसेल, तर एका महिन्याच्या नोटिशीने करार संपवता येतो. टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय पैसे भरून मिळते, ती अवश्य घ्यावी. देशातल्या देशात घर बदलताना जुन्या पत्त्याची नोंद वेगळी रद्द करावी लागत नाही. नवी नोंद केली की पुरते.

नोकरी सोडणे याहून अवघड असते, आणि त्याचे कारण केवळ भावनिक नसते. जर्मनीत नोकरीची वर्षे हीच एक मालमत्ता असते. दहापेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत सहा महिने पूर्ण झाले की, सबळ कारणाशिवाय काढून टाकण्यापासून संरक्षण मिळते. मंदीत कर्मचारी कमी करायचे झाले तर कोणाला आधी काढायचे हे ठरवताना सेवेची वर्षे, वय आणि कुटुंबाची जबाबदारी विचारात घ्यावी लागते. नव्या कंपनीत गेल्यावर हे घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि सहसा सहा महिन्यांचा परीक्षाकाळ सुरू होतो, ज्यात दोन्ही बाजूंची नोटीस दोन आठवड्यांची असू शकते. त्यामुळे नव्या पगाराची जुन्या पगाराशी तुलना करताना या सुरक्षिततेचीही किंमत धरावी. थोड्याशा वाढीसाठी दहा वर्षांची नोकरी सोडू नये, असे मला वाटते. कामात साचलेपण आले असेल आणि शिकण्यासारखे काही उरले नसेल, तर मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली तेथेच बसून राहणेही परवडत नाही.

आपली परवान्याची स्थितीही आधी तपासावी. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या वास्तव्य-परवान्यावर, असणाऱ्याने पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलली, तर परदेशी नागरिकांचे कार्यालय तो बदल तीस दिवस थांबवून तपासू शकते. २७ महिन्यांनंतर, किंवा जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनंतर, कायम वास्तव्याचा परवाना मिळवता येतो, आणि तो हातात आल्यावर नोकरी कोणाकडे आणि कोणती, याची बांधिलकी राहत नाही. त्या टप्प्याला थोडेच महिने उरले असतील तर राजीनामा पुढे ढकलणे शहाणपणाचे. परवाना नोकरीशी बांधलेला असताना ती मुदतीआधी संपली, तर दोन आठवड्यांत त्या कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे.

कर्मचाऱ्याच्या बाजूने कायद्यातली किमान नोटीस चार आठवड्यांची आहे, १५ तारखेला किंवा महिनाअखेर संपणारी. कंपनीच्या बाजूने मात्र ती सेवेनुसार वाढते: पाच वर्षांनंतर दोन महिने, आठ वर्षांनंतर तीन, दहा वर्षांनंतर चार, वीस वर्षांनंतर सात. पुष्कळ करारांत एक निरुपद्रवी दिसणारे वाक्य असते की, कंपनीसाठी वाढणारी मुदत कर्मचाऱ्यालाही लागू राहील. त्यामुळे जुन्या कर्मचाऱ्याला चार महिने आधी राजीनामा द्यावा लागतो. येथील कंपन्यांना असे थांबण्याची सवय असते, म्हणून मुलाखतीतच ही मुदत स्पष्ट सांगावी आणि नव्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत जुना राजीनामा देऊ नये. तोंडी होकार किंवा अभिनंदनाचा ईमेल यावर विसंबू नये.

राजीनामाही कागदावर, हाताने केलेल्या सहीनेच द्यावा लागतो. त्यात कारण लिहिण्याची गरज नसते. शेवटची तारीख, पोच देण्याची विनंती आणि अनुभवपत्राची मागणी एवढे पुरे. मात्र पत्र देण्यापूर्वी आपल्या वरिष्ठाला भेटून सांगावे. वर्षानुवर्षे बरोबर काम केलेल्या माणसाला ही बातमी मनुष्यबळ विभागाकडून कळू नये. त्या भेटीत थांबण्यासाठी पगारवाढ देऊ केली जाऊ शकते. ती घ्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांची सोडण्याची कारणे वाढीनंतरही तशीच राहिली.

अनुभवपत्राकडे आपले लोक दुर्लक्ष करतात, आणि ते महागात पडते. येथे कामाचे आणि वागणुकीचे मूल्यमापन असलेले पत्र मागण्याचा कर्मचाऱ्याला हक्क आहे. ते वरवर नेहमीच कौतुकाचे दिसते, पण त्यातली ठराविक वाक्ये म्हणजे गुणच असतात. काम ‘सदैव आणि पूर्णतम समाधान होईल असे’ केले, हा पहिला दर्जा. त्यातला ‘सदैव’ किंवा ‘पूर्णतम’ गळाला की दर्जा उतरतो, आणि ‘प्रयत्न केला’ असा उल्लेख आला तर नापासच समजावे. ते पत्र अस्खलित जर्मन येणाऱ्या, शक्यतो या व्यवहारात मुरलेल्या माणसाकडून वाचून घ्यावे आणि दुरुस्ती कंपनीत असतानाच मागावी.

दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देणाऱ्यांनी एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. स्वतःहून नोकरी सोडल्यास, सबळ कारण नसेल तर, बेकारी भत्ता साधारणपणे बारा आठवडे रोखला जातो आणि तो काळ एकूण हक्कातूनही वजा होतो. कंपनीशी परस्पर संमतीने करार संपवला तरी हा धोका राहतोच, म्हणून भरपाईची रक्कम आकर्षक दिसली तरी असा कागद घरी आणून, सल्ला घेऊन मगच सही करावी. नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी, किंवा उशिरा कळले तर कळल्यापासून तीन दिवसांत, रोजगार कार्यालयात नाव नोंदवावे लागते.

उरलेली सुट्टी, वर्षअखेरचा बोनस आणि पेन्शन यांचा हिशेबही तारखेवर फिरतो. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस रजा मिळते. न घेतलेल्या रजेचे पैसे निघताना द्यावे लागतात. काही करारांत नोव्हेंबरचा बोनस पुढील ३१ मार्चपर्यंत नोकरीत राहिल्यासच टिकतो. कंपनीच्या पैशांतून भरलेली पूरक पेन्शन सर्वसाधारणपणे तीन वर्षांनंतर आपली होते. आपल्या पगारातून वळवलेली रक्कम पहिल्या दिवसापासून आपलीच असते. सरकारी पेन्शनचा हक्क मिळण्यासाठी किमान पाच वर्षांची वर्गणी लागते.

शहरही बदलायचे असेल तर दोन्ही मुदती एकत्र मांडाव्यात. डिसेंबरअखेर निघायचे आणि नोकरीची नोटीस चार महिन्यांची असेल, तर राजीनामा ऑगस्टअखेर पोहोचला पाहिजे, घराची नोटीस मात्र ऑक्टोबरच्या आरंभी दिली तरी चालते. त्यात ३ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी मध्ये येते, म्हणून घाईने मोजण्यापेक्षा पत्र सप्टेंबरातच टाकावे. मधला सप्टेंबर नव्या शहरात घर शोधण्यासाठी वापरावा, कारण परीक्षाकाळातल्या भाडेकरूला घर द्यायला मालक कचरतात. जुन्या नोकरीच्या चालू पगारपावत्या आणि नवा करार असे दोन्ही कागद एकत्र दाखवता येतात ते याच काळात. जुन्या सहकाऱ्यांना निरोपाचे खाणे येथे जाणाऱ्यानेच द्यायचे असते, तेवढा एक दिवस राखून ठेवावा.

किल्ल्या दिल्यावरही जुन्या घरमालकाकडे नवा पत्ता आणि खातेक्रमांक लेखी द्यावा. पाणी आणि हीटिंगचा वार्षिक हिशेब पाठवण्यासाठी त्याला हिशेबाचे वर्ष संपल्यापासून बारा महिने असतात आणि तोपर्यंत अनामत रकमेचा काही भाग तो ठेवू शकतो. त्या मुदतीनंतर आलेली वाढीव मागणी सहसा भरावी लागत नाही. आपल्याला परत मिळायची रक्कम मात्र तेव्हाही मागता येते.