सुपरवायझरच्या कपाटातली दुसरी फाइल

जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्याचं टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांच्या हजेरीचं आणि कागदपत्रांचं ऑफिस, मी सांभाळते. ऑफिसच्या फाइलशिवाय सुपरवायझरच्या कपाटात कामगारांच्या कागदांची त्याची स्वतःची फाइल असतेच: आधारची झेरॉक्स, पासबुकचं पहिलं पान, कुणाच्या ऑपरेशनचे कागद. हेतू चांगला असतो. रात्रपाळीत कुणाचं बोट लूममध्ये आलं तर ईएसआय (कामगार राज्य विमा) नंबर मागायला जायचं कुणाकडे? तरीही ही फाइल बंद करायलाच हवी.

सुपरवायझरांनो, आधी कपाट रिकामं करा. सहीचे मूळ कागद, म्हणजे रजेचे अर्ज, वॉर्निंग लेटरच्या पोचपावत्या, यादी करून ऑफिसला द्या आणि यादीवर सही घ्या. आधार, पॅन, बँक, दवाखाना यांच्या झेरॉक्स बारीक फाडा. रद्दीत देऊ नका, तिथून कागद कुठेही जातो. मात्र ज्याची चौकशी किंवा कामगार न्यायालयात केस चालू आहे, त्याचं चिटोरंही फाडायचं नाही. ते जसंच्या तसं ऑफिसच्या ताब्यात द्या.

मग मोबाइल. व्हॉट्सॲपवर आलेले आधारचे फोटो गॅलरीत उतरतात, तिथून गूगल फोटोजमध्ये जातात; पुसल्यावरही ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात. या चारही ठिकाणचे काढा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि कागदाचा फोटो काढला की तोही त्यात आला.

शिवाय कपाटातली प्रत शिळी होते. लग्नाआधी, कुटुंबात दुसरं कुणी नसताना भावाला ग्रॅच्युइटीचा नॉमिनी केलेलं असतं. लग्न झालं की ते नॉमिनेशन रद्द होतं, नवं भरावं लागतं. ऑफिसात नवं, कपाटात जुनं. माणूस गेल्यावर जुना कागद पुढे आला, तर त्याच्या बायकोला आमच्या दारात खेटे घालावे लागतात. हे मला सहन होत नाही.

जवळ काय ठेवायचं? नाव, फोन, घरी कुणाला कळवायचं, रक्तगट, ईएसआय नंबर, कुठलं मशीन चालवता येतं. एका पानात मावतं.

कामाची नोंद वहीत जरूर ठेवा, पण 'कामचुकार आहे' असं नको. '१२ तारीख, दुसरी पाळी, न सांगता लूम सोडला, अर्धा तास मशीन बंद' असं लिहा आणि त्याच दिवशी त्याला वाचून दाखवा. एखादा विचारेल, "साहेब, मना कागद तुमनाजोडे कसाले?" (माझे कागद तुमच्याजवळ कशाला?) तर वही त्याच्यापुढे उघडता आली पाहिजे.

आणि ऑफिसवाल्यांनो, सुपरवायझरने माहिती मागितली तर त्याच पाळीत द्या. उद्या या म्हणालात, की तो पुन्हा झेरॉक्स काढून ठेवणारच.