स्वरमंडळ जुळवायला शिकताना

स्वरमंडळ, म्हणजे गाताना मांडीवर घेऊन छेडायचे अनेक तारांचे वाद्य, वाजवायला दहा मिनिटांत येते, पण ते जुळवायला शिकण्यात काही महिने जातात. हे सुरुवातीलाच समजून घेतले, तर पुढची बरीच निराशा टळते. किशोरी आमोणकर, बडे गुलाम अली खाँ किंवा पंडित जसराज यांच्या मांडीवर हे वाद्य पाहून अनेकांना ते घ्यावेसे वाटते. मात्र ज्या तारांवरून त्यांचे बोट सहज फिरताना दिसते, त्यातली एकेक तार मैफिलीपूर्वी कानाने लावलेली असते. हे वाद्य आपल्याकडे फार जुने आहे. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’त एकवीस तारांच्या सुरमंडलाचे वर्णन आहे आणि दरबारातील वादकांच्या यादीत ते वाजवणाऱ्या ग्वाल्हेरच्या बीरमंडल खानाचे नावही आहे.

आजच्या स्वरमंडळाला साधारणपणे तीस ते चाळीस तारा असतात. सतारीसारखे पडदे नसल्यामुळे एका तारेवर एकच स्वर मिळतो. म्हणूनच वाद्य घेण्याआधी आपला स्वर, म्हणजे पेटीवरची काळी एक, पांढरी दोन, काळी चार अशी जी पट्टी असेल ती, कारागिराला सांगावा आणि त्या स्वराला मध्य षड्ज (मधल्या सप्तकाचा सा) कोणत्या तारेवर येईल हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. तारांची जाडी पट्टीनुसार ठरते. काळी एकसाठी बांधलेले वाद्य काळी चारपर्यंत चढवायला गेल्यास तारा तुटतात. दुकानात चार-पाच तारा जुळवून पंधरा मिनिटे थांबावे व पुन्हा ऐकावे. एखादी तार उतरली असेल, तर ती नवी आहे की तिची खुंटी सैल आहे, हे विचारावे. नवी तार काही दिवसांत स्थिरावते, पण सैल खुंटीचा त्रास कायम राहतो.

पहिला राग भूप घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यात सा, रे, ग, प, ध (षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत) हे पाचच शुद्ध स्वर आहेत आणि ते एकमेकांच्या आधाराने तपासता येतात. सगळ्या तारा एकदम जुळवायच्या नाहीत. मंद्र (खालच्या) सप्तकातील पंचमापासून तार (वरच्या) सप्तकातील पंचमापर्यंत भूपाच्या अकरा तारा होतात, तेवढ्याच घ्याव्यात आणि उरलेल्या तारांमध्ये मऊ कापडाची पट्टी अडकवून त्या मुक्या कराव्यात. षड्जाच्या खुंटीशेजारी लाकडावर एक छोटी टिकली लावली, तर खुंटी फिरवायची चावी चुकीच्या खुंटीला लागत नाही. घाईत शेजारची खुंटी पिळून तार तोडण्याचा प्रसंग बहुतेक शिकणाऱ्यांवर येतोच. बारीक पोलादी तार जोरात उसळते, म्हणून जुळवताना चेहरा वाद्यावर झुकवू नये.

आता तंबोरा किंवा तंबोऱ्याचे ॲप सुरू करावे आणि मध्य षड्जाची तार घ्यावी. चावी खुंटीवर पूर्ण बसवून, किंचित आत दाबत फिरवावी. ती हलवल्यास किंवा बाहेर ओढल्यास खुंटीचे भोक मोठे होते. तार आधी थोडी उतरवावी आणि खालून वर आणावी, कारण वरून खाली आणलेली तार लवकर उतरते. तार तंबोऱ्याच्या षड्जाजवळ पोचली, की दोन्हींच्या नादात एक हेलकावा ऐकू येतो. फरक जास्त असताना तो भरभर असतो आणि तार जवळ येईल तसा संथ होत जातो. या टप्प्यावर चावी फिरवायची नाही, मनगटाने केवळ दाबल्यासारखे करायचे. हेलकावा लांबत लांबत थांबतो आणि दोन आवाजांचा एकच आवाज होतो. तो क्षण कानाने पकडायला शिकणे हाच पहिल्या महिन्याचा अभ्यास आहे.

षड्जानंतर पंचम लावावेत. मंद्र पंचमावरून षड्ज-पंचम भावाने, म्हणजे सा आणि प यांच्यातल्या अंतराने, मध्य रिषभ मिळतो. गंधार तंबोऱ्यातच दडलेला असतो. त्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार शांतपणे ऐकल्यास तो वर तरंगताना सापडतो. धैवताचा गंधाराशी षड्ज-मध्यम भाव (सा आणि म यांच्यातले अंतर) आहे, आणि हेच दोघे भूपाचे वादी-संवादी, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर, असल्यामुळे त्यांची जुळणी विशेष काळजीने करावी. मोबाइलवरील ट्यूनरची मदत षड्जापुरतीच घ्यावी. त्याचा गंधार पेटीसारखा असतो, म्हणजे तंबोऱ्यातील गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). त्यावर विश्वास ठेवून लावलेला गंधार तंबोऱ्यासोबत सतत टोचत राहतो.

अकरा तारा जुळल्यावर पुन्हा पहिल्या तारेपासून तपासावे, कारण नंतरच्या तारांचा ताण वाढल्याने आधीच्या उतरलेल्या असतात. सुरुवातीला या कामाला पाऊण तास लागला, तरी त्यात गैर काही नाही.

वाजवण्याची रीत साधी आहे. वाद्य मांडीवर, लांब तारांची बाजू आपल्याकडे करून ठेवावे आणि उजव्या हाताच्या तर्जनीने खर्जाकडून तार सप्तकाकडे हलका हात फिरवावा. नखाचा आवाज तीक्ष्ण येतो, बोटाच्या मांसल टोकाचा मऊ. नख आणि मांस यांच्या सीमेवरचा आवाज मला सर्वांत सुरेल वाटतो. षड्ज लावावा, थांबावे, हात एकदा फिरवावा आणि तो नाद विरेपर्यंत ऐकून मग पुढची जागा घ्यावी. गाताना सतत तारा छेडत राहिल्यास स्वरावरचे लक्ष उडते आणि आलापातील विसावाही हरवतो.

रियाज झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात, कारण बोटांचा घाम पोलादाला गंज आणतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात तर वाद्य उघडे ठेवूच नये.

भूप कानात बसला, म्हणजे दुर्गा राग लावून पाहावा. त्यासाठी गंधाराच्या दोनच तारा अर्ध्या स्वराने चढवून शुद्ध मध्यमावर आणायच्या असतात, बाकीच्या नऊ तारांना हातही लावावा लागत नाही. मध्य मध्यम तार षड्जाशी षड्ज-पंचम भावाने तपासावा, आणि मग पुन्हा एकदा खर्जापासून हात फिरवून ऐकावे.